जर्मनीत एक सेमिस्टर : घरून चार लाख, खर्च सहाच्या वर. जावं का?

वडगाव_बुद्रुक
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या एका सरकारी तांत्रिक विद्यापीठाशी करार आहे आणि येत्या हिवाळी सेमिस्टरसाठी (ऑक्टोबर ते मार्च) माझं नाव पुढे जाऊ शकतं. तिथली ट्यूशन फी माफ, इथली भरावीच लागणार. सध्या शिष्यवृत्ती कुठलीही नाही.

घरून चार लाख निघतील. शिवाय तीन लाखांची एफडी आहे, पण ती दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेली. जर्मन भाषेची ए१ पातळी झालीय, ए२ चालू आहे. होकार-नकार महिन्याभरात कळवायचाय. खरा खर्च किती येतो, आणि वरचे पैसे कर्जाने उभे करण्यात अर्थ आहे का, एवढं सांगा. 'अनुभव मोलाचा असतो' हे सगळ्यांनी सांगून झालंय.

हिशेबनीस
दोन आकडे वेगळे ठेव. एकूण खर्च किती, हा एक. निघायच्या आधी हातात किती रोकड लागते, हा दुसरा. बहुतेक घरं पहिला आकडा पाहून हो म्हणतात आणि सप्टेंबरात दुसऱ्यापाशी अडकतात.

युरो १०५ रुपये धरतो, तू त्या दिवसाचा भाव घाल.

मध्यम शहर (म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग नव्हे), विद्यार्थी वसतिगृहातली खोली, स्वतःचा स्वयंपाक असं धरलं तर महिन्याला खोली ३५०, सरकारी आरोग्यविमा १४५, किराणा २००, मोबाइल १०, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क १८.३६ आणि किरकोळ ८०. म्हणजे ८०३ युरोच्या आसपास. सहा महिन्यांचे ४,८२०. त्यात सेमिस्टर शुल्क २५० मिळव (विद्यापीठागणिक १०० ते ४०० असतं, ट्यूशन फी माफ असली तरी हे भरावंच लागतं). झाले ५,०७०, म्हणजे ५ लाख ३२ हजार.

इथून निघताना : व्हिसा फी ७५ युरो, मुंबईहून जाऊन-येऊन विमान ६५ हजार, गरम कपडे नि बूट १५ हजार, ब्लॉक्ड खात्याचं (व्हिसासाठी पैसे कुलूपबंद ठेवायचं खातं) शुल्क शंभर युरोच्या आसपास, पहिल्या काही दिवसांचा प्रवासविमा ४ हजार. सगळं धरून सुमारे ६ लाख ३५ हजार.

आता रोकड. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात महिना ९९२ युरोप्रमाणे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात (१ सप्टेंबर २०२४ पासूनचा दर, वर्षाचे ११,९०४). सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे सव्वासहा लाख. ते तिकडे पोचल्यावरच, आणि दरमहा ९९२ असेच सुटतात. पहिला हप्ता मिळायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत डिपॉझिट ४५०, पहिलं भाडं ३५०, सेमिस्टर शुल्क २५० आणि गादी-भांडी-किराणा १५० असे १,२०० युरो लागतात. ते वेगळे न्यायचे.

म्हणजे खर्च ६.३५ लाख, पण विमानात बसेपर्यंत जमवायचे साधारण साडेआठ लाख. वरचे दोन-सव्वादोन लाख परत येतात, पण मार्चनंतर. तुझे चार आणि एफडीचे तीन मिळूनही सातच होतात.

पाषाणकर
हिशेबनीस, +१. एक भर : वडगाव घरी राहतो, त्यामुळे इथली बचत नगण्य. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचे खोली-मेसचे महिना दहा-बारा हजार वाचतात, त्याने ६.३५ मधून साठ-सत्तर हजार वजा करावेत. अर्थात घरमालकाने खोली सोडू दिली तर.

कॅलेंडरवाला
पैशांआधी वेळापत्रक बघा. इथे जास्त पोरं अडकतात.

जर्मन हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपलं पाचवं सेमिस्टर जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं आणि सहावं जानेवारीत लागतं. म्हणजे तू पाचव्याच्या मधेच जाणार आणि सहाव्याचे अडीच महिने बुडणार. एका सेमिस्टरसाठी दोन सेमिस्टरांना हात लागतो.

म्हणून कॉलेजकडून पुढच्या गोष्टी लेखी घे. तोंडी 'बघू, ॲडजस्ट करू' चालणार नाही.

पहिली, पाचव्या सेमिस्टरच्या कुठल्या विषयाच्या बदल्यात तिकडचा कुठला विषय, याची यादी. तिलाच लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. विभागप्रमुख आणि परीक्षा नियंत्रक दोघांच्या सह्या हव्यात. एकट्या समन्वयकाची सही पुढे उपयोगी पडत नाही. तिकडे पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं (युरोपातले क्रेडिट) असतं आणि एका ईसीटीएसला २५ ते ३० तास काम. परक्या भाषेच्या देशात पहिल्याच सेमिस्टरला तीसच्या तीस घेऊ नकोस. वीसमध्ये भागतं का ते आधी विचार.

दुसरी, सहाव्या सेमिस्टरची हजेरी. ७५ टक्क्यांच्या नियमातून सूट, टर्मवर्क आणि प्रॅक्टिकल कधी भरून काढायचं, मार्चअखेर आल्यावर इनसेमचं (सेमिस्टरमधल्या परीक्षेचं) काय.

तिसरी, तिकडे एखादा विषय गेला तर इथे तो बॅकलॉग धरणार का. कारण सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, जुलै-ऑगस्टमध्ये, प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 'लाइव्ह बॅकलॉग नको' असं म्हणतात. तिकडच्या गुणपत्रिका निघायला एप्रिल-मे होतो, तोवर इथल्या निकालात ती जागा रिकामी दिसते.

उन्हाळी सेमिस्टर (एप्रिल ते सप्टेंबर) घेतलंस तर सहाव्याची परीक्षा आणि प्लेसमेंटचा हंगाम, दोन्हींवर पाणी. त्यामुळे जायचंच तर हिवाळीच बरं.

वडगाव_बुद्रुक
धन्यवाद! साडेआठ लाखांचा विचारच केला नव्हता. दोन शंका. काका तीन लाख तात्पुरते द्यायला तयार आहेत. ते खात्यात दाखवून नंतर लगेच परत केले तर? आणि तिकडे पार्टटाइम करून महिन्याला चारशे-पाचशे युरो सुटतात असं सगळे म्हणतात. ते धरू का?

हिशेबनीस
काकांचे पैसे 'दाखवून' परत करता येत नाहीत. बँक स्टेटमेंटवर व्हिसा देणाऱ्या देशांत लोक तसं करतात. इथे पैसे खरोखर जर्मनीत जातात आणि कुलूपबंद होतात. दरमहा ९९२ सुटतील, त्यातून तू जगून महिना १८०-१९० युरो उरतील. काकांना परतफेड एप्रिलनंतरच, तीही उरलेल्यातून. शिवाय रुपयाचे युरो आणि युरोचे पुन्हा रुपये, अशी दोनदा बँकेची कात्री. त्यांना 'तात्पुरते' म्हणजे आठ-नऊ महिने, हे आत्ताच सांग. नात्यातले वाद तारखेवरून होतात, रकमेवरून कमी.

पैसे पाठवतानाचं थोडं : चलन बदलीवरचा जीएसटी लोकांना वाटतो तेवढा नसतो. सव्वासहा लाखांवर साधारण ६५० रुपये. टीसीएसही (पैसे पाठवतानाच कापून घेतात तो कर) नाही, कारण एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागत नाही. खरा फटका भावातला. गुगलवर दिसणारा भाव आणि बँकेचा टीटी सेलिंग भाव (परदेशी पैसे पाठवताना लावतात तो) यांत एका युरोमागे दीड-दोन रुपयांचं अंतर असलं, की ५,९५२ युरोंवर नऊ ते बारा हजार गेले. दोन-तीन ठिकाणचा भाव एकाच दिवशी, एकाच तासात विचार. 'शून्य कमिशन' लिहिलंय तिथे भाव आधी बघायचा.

एरंडवणे_ते_एसेन
पार्टटाइमचं. नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. मिनीजॉबची (छोट्या पार्टटाइम कामाची) कमाईमर्यादा महिना ६०३ युरो. कागदावर आठवड्याला दहा तास केले की सहाशे होतात, तिथूनच ती आकडेवारी पसरते.

प्रत्यक्षात ऑक्टोबर पत्त्याची नोंदणी, बँक खातं, टॅक्स नंबर आणि विमा यांत जातो. नोव्हेंबरात शोध सुरू. ए२ जर्मनवर कॅफेच्या काउंटरवर उभं करत नाहीत; गोदाम, पार्सल छाटणी, स्वयंपाकघर एवढंच उरतं. विद्यापीठातली सहायकाची कामं आधीपासून शिकणाऱ्यांकडे जातात, आणि जानेवारीत परीक्षेची तयारी लागते. सहा महिन्यांच्या पाहुण्याला शिकवून कामावर घ्यायला मालकही नाखूश असतो. हिशेबात शून्य धर. मिळाले तर परतीच्या आधी प्राग बघून ये.

कर्जसल्ला_नको_पण
बँकेच्या बाजूने. शिक्षणकर्जाचा तर्क असा, की पदवी मिळते, पगार वाढतो, त्यातून हप्ता जातो. एक्स्चेंज सेमिस्टरने स्वतंत्र पदवी मिळत नाही, त्यामुळे नुसतं एवढ्यासाठी कर्ज मागितलं की शाखेत टेबलाटेबलावर फिरवतात. ज्यांचं पुण्यातल्या पदवीसाठी आधीच शिक्षणकर्ज चालू आहे, त्यांनी त्याच कर्जात वाढ मागावी. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लागणारा खर्च असं कॉलेजचं पत्र जोडलं की मार्ग सोपा होतो. सरकारी बँकांत ४ लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत.

वडगाव, तुझं आधीचं कर्ज नाही. मग पर्याय एफडीवरचं कर्ज. एफडी मोडू नकोस. मोडली तर साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो, व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, आणि वापरलेल्या रकमेवरच. तुला कमी पडणारे २.३५ लाख तिथून उचलले आणि दर ८ टक्के धरला तर वर्षाचं व्याज १८,८००. तेवढेच वैयक्तिक शिक्षणकर्ज म्हणून १० टक्क्यांनी पाच वर्षांवर घेतले तर हप्ता पाच हजारांच्या आसपास.

स्वस्त आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस मात्र. एफडीवर लीन (कर्जापोटी बँकेचा हक्क) लागला की घरातला आपत्कालीन निधी संपला. घरात आरोग्यविमा किती लाखांचा आहे, आजी-आजोबा त्यात आहेत का, हे विचारून मग एफडीला हात लाव.

आणि शिक्षणकर्जाच्या व्याजाची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. वडील नव्या प्रणालीत असतील तर तो मुद्दा विसर.

शुक्रवारातला
स्पष्ट बोलतो, रागावू नकोस. पुढे जर्मनीतच मास्टर्स करायचं डोक्यात असेल तर आत्ता जाऊ नकोस. मास्टर्सला पूर्ण वर्षाचे ११,९०४, म्हणजे साडेबारा लाख ब्लॉक करावे लागतील. आज सहा उडवलेस तर तेव्हा कर्ज तेवढ्याने वाढेल. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही (बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून जास्त), त्यामुळे तिथे दोन वर्षं राहून पदवी मिळते आणि नोकरी शोधायला पुढे दीड वर्ष. सहा महिन्यांत यातलं काय मिळणार? फोटो.

एरंडवणे_ते_एसेन
अर्धं पटलं. पण तिकडच्या प्राध्यापकाच्या हाताखाली प्रोजेक्ट करून त्यांचं शिफारसपत्र आणलं, तर मास्टर्सच्या अर्जात ते इथल्या ठरावीक मजकुराच्या पत्रापेक्षा वजनदार ठरतं. जर्मन गुणपत्रिकाही जोडता येते. नुसती लेक्चरं ऐकून आलास तर शुक्रवारातल्यांचं म्हणणं खरं.

शुक्रवारातला
सहा लाखांचं शिफारसपत्र. असो.

कॅलेंडरवाला
मधला मार्ग आहे : उन्हाळी शाळा. जर्मन विद्यापीठं जुलै-ऑगस्टात तीन-चार आठवड्यांचे अभ्यासक्रम घेतात, बऱ्याच ठिकाणी राहणं फीमध्येच असतं. ९० दिवसांच्या आतलं असल्याने शेंगेन व्हिसा, फी ९० युरो, ब्लॉक्ड खातं नाही. ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला प्रवासविमा पुरतो. विमानासकट दोन ते अडीच लाखांत बसतं. सेमिस्टरचे पहिले काही आठवडे बुडतात, तेवढंच. चार लाखांत हे आरामात होतं आणि एफडीला हात लागत नाही.

बोटक्लब_रोड
शिष्यवृत्तीचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितेय.

महाराष्ट्रातल्या मोठ्या परदेशी शिष्यवृत्त्या, म्हणजे समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज किंवा सारथीची, पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमांसाठी आहेत. एका सेमिस्टरला त्यांचा उपयोग नाही. त्यांच्या रांगेत वेळ घालवू नकोस. मास्टर्सच्या वेळी मात्र पहिलं तेच बघ.

एक्स्चेंजसाठी पैसा येतो तो करारातून. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षात विचार, हा करार इरास्मस प्लसखाली (युरोपीय संघाची विद्यार्थी देवाणघेवाणीची योजना) आहे का. असेल तर दरमहा अनुदान आणि प्रवासखर्च मिळतो. त्या जागा वेगळ्या मोजतात, 'करार आहे' म्हणजे अनुदान आहेच असं नाही. विद्यापीठ बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये असेल तर त्या राज्याची भागीदार विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे. नामांकन तिकडचं विद्यापीठ करतं, म्हणून मेल तिकडच्या कार्यालयाला, तोही आत्ताच. शिष्यवृत्तीच्या पत्रावर महिन्याची रक्कम लिहिलेली असेल तर व्हिसासाठी तेवढी ब्लॉक्ड खात्यातून कमी होते. पैसे हातात उशिरा येतात, हप्त्यांत येतात, शेवटचा हप्ता कधी परतल्यावर. त्यामुळे १,२०० युरो जवळ ठेवायचं काही चुकत नाही.

जर्मनीत सख्खं-चुलत कुणी नोकरीला असेल तर ब्लॉक्ड खात्याऐवजी त्यांचं हमीपत्र चालतं. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात २९ युरो भरून ते करून देतात. त्यांची मिळकत तपासली जाते आणि ती जबाबदारी कायद्याने त्यांच्या गळ्यात पडते, म्हणून गप्पांच्या ओघात मागायची गोष्ट नव्हे.

हिशेबनीस
हमीपत्राचं लक्षातच आलं नव्हतं. ते जमलं तर सप्टेंबरची अडचण निम्मी होते. खर्च तेवढाच राहतो.

एरंडवणे_ते_एसेन
खोलीबद्दल. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्राची वाट न बघता करायचा. नामांकन गेल्यावर लगेच. बरेच करार १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे बांधीव असतात. परीक्षा २० फेब्रुवारीला संपली तरी मार्चचं भाडं द्यायचंच, म्हणून भाड्याचे महिने सहाच धरा. वसतिगृह हुकलं तर बाहेरची खोली ४५० ते ६०० आणि डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट मागता येतं. सहा महिन्यांत लाखभराचा फरक पडतो. 'मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' ही हमखास फसवणूक.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. वसतिगृह ते देतं, पोटभाडेकरू म्हणून घेतलेल्या खोलीत ते कधी कधी मिळत नाही आणि मग बँक खातं, ब्लॉक्ड हप्ता सगळं रखडतं. रेडिओ शुल्क घरामागे एकच असतं. एकत्र स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये चौघं असाल तर १८.३६ चौघांत, पण लांब कॉरिडॉरवरच्या सुट्या खोल्या वेगवेगळं घर धरतात.

निघताना नोंदणी रद्द करून त्याची प्रत रेडिओवाल्यांना पाठवा, नाहीतर बिलं चालूच राहतात. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांनी जर्मन खात्यात येतं, तोवर खातं बंद करू नका.

आणि इकडून काढलेला विमा नावनोंदणीला चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिकडचा सरकारी विमाच घ्यावा लागतो. १४५ युरो कुठूनही वाचत नाहीत.

पाषाणकर
सामानात तूप, पेढे, चक्का नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. बाकरवडीला हरकत नाही. मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर घे. थर्मल इथून, जाड कोट तिकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून.

वडगाव_बुद्रुक
सगळ्यांचे आभार. घरी बोललो. एफडीला हात लावायचा नाही हे ठरलं. जर्मनीत कुणी नातेवाईक नाहीत. काका आठ-नऊ महिन्यांसाठी तीन लाख द्यायला कबूल आहेत, पण तेवढ्यानेही सातच होतात, आणि ते फेडायचे कशातून हा प्रश्न राहतोच. आंतरराष्ट्रीय कक्षात विचारलं : करार इरास्मस प्लसखाली आहे, पण या वर्षीच्या अनुदानाचं मेअखेर कळेल. होकार मात्र त्याआधी द्यायचाय. होकार देऊन मग मागे फिरलो तर किती बुडेल?

हिशेबनीस
टप्प्याटप्प्याने वाढतं. नामांकनाला होकार : शून्य रुपये, फक्त कॉलेजचा नियम बघ, कारण काही ठिकाणी नाव मागे घेणाऱ्याला पुढच्या वर्षी घेत नाहीत, आणि राखीव यादीतल्या मुलाची जागा अडते. वसतिगृहाचा अर्ज : सहसा शून्य, करारावर सही केली की मात्र एक-दोन महिन्यांचं भाडं अंगावर. ब्लॉक्ड खातं : शुल्क बुडतं, मूळ रक्कम व्हिसा नाकारल्याचं पत्र किंवा दूतावासाची परवानगी दाखवून परत मिळते, पण जाता-येताच्या भावातलं अंतर धरून वीस-पंचवीस हजार कमीच होतात. व्हिसा फी परत नाही. व्हिसा नाकारला तर पूर्वी फुकट फेरविचार मागता यायचा, तो १ जुलै २०२५ पासून बंद झालाय. नवा अर्ज, नवी फी, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा.

म्हणजे मेअखेरपर्यंत तुझा एक रुपयाही अडकत नाही. आत्ता होकार दे, कॅलेंडरवाल्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी लेखी माग, आणि समन्वयकांना सांगून ठेव की अनुदान नाही आलं तर जून उजाडायच्या आत नाव मागे घेईन. राखीव यादीतल्या मुलालाही व्हिसाला वेळ मिळतो. पुढच्या वर्षीच्या उन्हाळी शाळांची पानं बाजूला काढून ठेव.

बोटक्लब_रोड
आणि ए२ सोडू नकोस, जा किंवा नको जाऊ. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. अनुदान आलं तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी जूनपासून रोज साइट बघ. निर्णयाला सहा ते बारा आठवडे धर. एपीएस प्रमाणपत्र (इथल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, फी १८,००० रुपये) तुझ्या प्रकारच्या यादीत आहे का, हे त्यांच्या चेकलिस्टमध्ये बघून घे. तिकीट व्हिसा हातात आल्यावरच.